तिकीट काढायच्या आधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. केनियातली जनावरं बघायची की पेरूतलं माचू पिचू, यावर तुमचा अजून खल चालू आहे हे वाचून मला हायसं वाटलं. तिकीट काढायच्या आत तुला गाठायचं होतं. व्हिसा, हॉटेल, बॅगा, कॅमेरा, सगळ्याबद्दल तू भरभरून लिहिलंस. तुझ्या इन्शुलिनबद्दल एक ओळ नाही, वहिनींच्या दम्याबद्दल नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी माझ्यावर काय गुदरलं ते ऐक. लिस्बनला उतरलो आणि माझी बॅग आलीच नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचा सगळा साठा त्या बॅगेत. खिशात एका पट्टीचा तुकडा होता, त्यात दोन गोळ्या. हिरव्या क्रॉसची पाटी बघून औषधांच्या दुकानात शिरलो. काउंटरमागच्या बाईंनी तो तुकडा दिव्याखाली धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. रोज एकेक गोळी कापून घ्यायची माझी सवय. त्यात नाव छापलेला भाग कधीच कापला गेला होता. चंदेरी कागदावर चार अक्षरं उरली होती, तीही कंपनीने ठेवलेल्या नावाची, आणि त्या नावाचं औषध तिथे कुणाला माहीत नव्हतं. मुलीकडून फोनवर चिठ्ठीचा फोटो मागवला, तर त्यावरही तेच नाव. शेवटी आमच्या डॉक्टरांनी फोनवर एक शब्द सांगितला : अ‍ॅम्लोडिपिन. तो मी कागदावर लिहून दाखवला आणि बाईंनी लगेच मान हलवली. मग तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी, मग गोळ्या. यात दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात मी किती घाबरलो होतो, ते घरी कुणालाच सांगितलं नाही.

म्हणून माझं पहिलं मागणं असं आहे : तुम्हा दोघांचा एकेक कागद तयार कर. प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव (कंपनीने ठेवलेलं नव्हे, औषधाचं मूळ नाव), मात्रा, दिवसातून किती वेळा, कशासाठी. आजार कोणते, अ‍ॅलर्जी कसली, रक्तगट कोणता. खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का. एक प्रत तुझ्या खिशात, एक वहिनींच्या पर्समध्ये, एक फोटो फोनमध्ये. जेनेरिक नावातही एक मेख आहे. वहिनींच्या पंपातलं सालब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणून ओळखलं जातं आणि पॅरासिटामॉलला तिथे असिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही नावं लिहून ठेवलेली बरी.

गोळ्या मूळ वेष्टनातच ने, डब्यात सुट्या करू नकोस. वाटेत कुठे दोन दिवस मुक्काम करणार असाल, तर त्या देशाचे नियमही बघ. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामक औषधं न्यायला आधी परवानगी काढावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल, तर त्या जपानमध्ये नेताच येत नाहीत.

इन्शुलिन मात्र कोणत्याही परिस्थितीत हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्शुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. सुयांसाठी डॉक्टरांचं पत्र जवळ ठेव. लागतील त्याहून जास्त इन्शुलिनची पेनं घे आणि ती तुझ्या नि वहिनींच्या हातातल्या बॅगांत वाटून टाक. पश्चिमेकडे उडताना दिवस लांबतो, पूर्वेकडे आखूड होतो. त्याप्रमाणे डोस कसे बदलायचे ते आधीच लिहून घे. विमानात बसून हा हिशेब करायचा नाही.

आता देशाचं. केनिया ठरवलंत तर पिवळ्या तापाची लस हा मोठा प्रश्न. लस घेतल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. पण ही जिवंत लस आहे, म्हणजे तिच्यात कमजोर केलेले जिवंत विषाणू असतात. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्याला त्रास होण्याचा धोका जास्त असतो आणि आपण दोघंही साठी ओलांडलेले. त्यामुळे ती घ्यायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवू दे. परतीच्या वाटेवरचे देश प्रमाणपत्र मागतात का, तेही तपास. हिवतापाच्या गोळ्या निघण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही चालू ठेवाव्या लागतात. काही ७ दिवस, काही ४ आठवडे. घरी आलो, संपलं, असं समजून लोक मध्येच सोडतात. तू सोडू नकोस. परतल्यावर काही महिन्यांतसुद्धा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि तोंड उघडताच सांग की आफ्रिकेत जाऊन आलोय.

पेरूचं दुखणं वेगळं, तिथे उंची. लिमा समुद्रकाठी, आणि तिथून विमानाने थेट कुस्कोला उतरलात तर सुमारे ३,४०० मीटरवर. शरीराला सवय व्हायला सवडच मिळत नाही. माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे, म्हणून आधी खालच्या भागात मुक्काम करून कुस्को शेवटी ठेवलेलं शहाणपणाचं. उंचीचा त्रास टाळायला अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचं औषध घ्यायचं का, ते डॉक्टरांना विचार. डोकेदुखी, मळमळ वाढत चालली तर वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

दोन्हीकडे ओआरएसची पाकिटं लागतीलच. त्यात साखर असते हे तू ध्यानात ठेव, पण जुलाब लागले तर त्या भीतीने ते टाळू नकोस. साखर तपासत घे. कुत्रा किंवा माकड चावलं, नुसतं ओरबाडलं तरी जखम १५ मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस गाठायची.

विम्याच्या अर्जात मधुमेह आणि दमा स्पष्ट लिही. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे. लपवलेला आजार ऐन वेळी दावा बुडवतो. तातडीने दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का, तेही वाचून बघ.

हे सगळं निघायच्या आदल्या आठवड्यात होत नाही. काही लशींना दिवस लागतात, काहींचे दोन-तीन डोस असतात. किमान सहा आठवडे हाताशी ठेव. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतलीस की मला कळव, आणि कागद तयार झाला की त्याचा फोटो माझ्याही फोनवर पाठव. तिकडे मध्यरात्री काही लागलं, तर इथून कुणीतरी ते नाव वाचून दाखवायला हवं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र