मातीतला कर्ब आणि कोळशाची भुकटी

कोल्हापूर

प्रिय विनू,

तुझं पत्र मिळालं, मातीची पिशवीही पोचली. कोळशाच्या खाणीकडच्या तुकड्यात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून आणि शेणखतातून मातीत येणारा कार्बन, एक टक्क्याच्या वर निघाला, म्हणून यंदा शेणखत घालणार नाही म्हणतोस. गड्या, तेवढं करू नकोस.

ती माती मी सावलीत वाळवली, चाळली आणि पांढऱ्या कागदावर पसरली. तुमच्या वणीकडची माती काळीच, पण तिच्यात बारीक चकाकणारे कण दिसले. बोटानं रगडले की काजळीसारखी रेघ उठते. कोळसा आहे तो. कर्ब मोजताना मातीत डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड घालतात. कर्ब जितका जास्त, तितकं ते नारिंगी द्रावण हिरवट होतं. पण कुजलेला पालापाचोळा कुठला आणि कोळसा कुठला, हे त्या रसायनाला कळत नाही. कोळशाचाही काही भाग त्यात जळतो आणि आकडा फुगतो.

मला काळजी पुढची आहे. ह्यूमसमध्ये, म्हणजे पालापाचोळा पूर्ण कुजून झालेल्या काळ्या भागात, दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं, आणि ते हळूहळू पिकाला मिळतं. कोळशातलं नत्र मुळांच्या उपयोगाचं नाही. बऱ्याच प्रयोगशाळा तर नत्र वेगळं मोजतच नाहीत, कर्बाच्या आकड्यावरूनच धरतात. मग अहवाल म्हणणार युरिया कमी घाला, आणि कपाशी पिवळी पडणार. नत्र प्रत्यक्ष मोजून द्या, असं त्यांना स्पष्ट सांग.

दुसरं म्हणजे, सगळ्या रानाची माती एकत्र करून एकच नमुना देऊ नकोस. आमच्या शिरोळकडं एकाच रानात वरच्या अंगाला ऊस जोरात असतो आणि खालच्या अंगाला मीठ फुटलेलं असतं. दोन्हींची सरासरी काढून काय कळणार? तुझ्या रानात तर फरक याहून जास्त असणार. खाणीतून काढलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याला पावसानं मुरूम-दगड वाहून येतो आणि चांगली माती त्याखाली गाडली जाते. जुन्या भुयारी खाणीवर जमीन खचली असेल, तिथं उताराची वरची माती धुपून खोलगट भागात साठते. तिथं पाणी तुंबलं की कुजणं मंदावतं, म्हणून कर्ब टिकतो, पण पीक मात्र उभं राहत नाही. आणि खाण भरून परत मिळालेल्या जमिनीचं मला सगळ्यांत वाईट वाटतं. वरची माती काढून वर्षानुवर्षं ढीग लावून ठेवली की उकरताना हवा लागून तिच्यातला बराच कर्ब जिवाणू खाऊन टाकतात.

तूर निघाली की प्रत्येक भागात व्ही आकाराचे वीस सेंटिमीटर खोल खड्डे घे. बांध, झाडं, उकिरडा टाळ. भागांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भर. खाणीपासून लांब असलेल्या काकांच्या रानातलीही एक पिशवी दे, म्हणजे ताडून बघता येईल. पिशव्या कापडी असू देत, युरियाच्या गोणीत भरू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
संजू