आई, ती माझ्या ऑफिसातली नव्हे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर सांगायला गेलं की अर्धं बाबांना ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई आपल्या मनाचं घालून त्यांना सांगते. मागच्या रविवारी तेच झालं. माझ्या मागच्या भिंतीवरचा फोटो बघून आईने विचारलं, "ही कोण गो?" मी म्हटलं, कोरियाची गायिका आहे, मागे इथे सिंगापूरला हिच्याच कार्यक्रमाला गेले होते. आईने बाबांना सांगितलं, "ऑफिसातलां चेडू आसा, गाणी म्हणता." मग बाबांनी तिकिटाचे पैसे विचारले. तो आकडा मात्र त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आला. "तेवढ्यात मागच्या पडवीची कौलां बदलून झाली असती. आणि भाषा तरी कळता तुका?"

तर बाबा, ऐका. म्हणजे वाचा.

तिचं नाव ली जी-उन. गाते ती आययू या नावाने. जन्म सोलचा, १९९३ चा. घरचं बरं होतं, पण आई दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिली आणि सगळं धुऊन गेलं. (जामीन म्हटलं की तुम्ही अजून कानाला हात लावता, तेच.) ही आणि धाकटा भाऊ आजीकडे. एक खोली, थंडी, झुरळं, आणि जेवायला बहुतेक वेळा बटाटे. आजी बाजारात केसांच्या पिना-चाप विकायची. पोरीने वीसेक ठिकाणी ऑडिशन दिल्या, सगळीकडून नकार. मध्ये खोट्या कंपन्यांनी पैशाला गंडवलं ते वेगळंच. शेवटी एकांनी घेतलं आणि सप्टेंबर २००८ मध्ये, पंधराव्या वर्षी ती पहिल्यांदा टीव्हीच्या कार्यक्रमात उभी राहिली. तर समोरच्या प्रेक्षकांनी शिव्या घातल्या. हे तिने स्वतःच नंतर सांगितलंय, हसत.

डिसेंबर २०१० मध्ये तिचं 'गुड डे' आलं. त्यात शेवटी एका दमात सूर तीनदा वर चढतो. एक पायरी, वाटतं झालं, मग दुसरी, मग तिसरी. भजनाच्या डबलबारीत समोरच्या बुवाला गार करायला आपला बुवा वर जातो आणि तुम्ही पेटीवरून मान वर करून त्याच्याकडे बघत राहायचात, अगदी तसं. त्या एका जागेवर अख्खा देश फिदा झाला. तिला 'देशाची धाकटी बहीण' म्हणायला लागले. मला विचाराल तर ते तिचं सगळ्यात चांगलं गाणं नाहीच. चांगली गाणी तिने पुढे स्वतः लिहायला घेतली तेव्हाची. वयाच्या एकेका टप्प्यावर एकेक, तेविसाव्याचं, पंचविसाव्याचं, आणि २०२१ मध्ये आख्ख्या विशीला निरोप देणारं.

आई म्हणेल, गाते ना, मग नाटकात काम कशाला? पण हे तर आपल्याकडचंच. संगीत नाटकात गाता येत नसेल त्याला नट कोण म्हणायचं? कोरियात मात्र गाणाऱ्या पोरीने मालिकेत काम केलं की आधी नाकं मुरडतात. २०११ मध्ये तिने पहिलं मोठं काम केलं ते अंगाला कापसाची गादी बांधून, लठ्ठ मुलीचं. लोक धरून चालले की गंमत म्हणून करतेय. २०१८ च्या 'माय मिस्टर'नंतर कुणी तसं म्हटलं नाही. त्यात ती कर्जाच्या ओझ्याखालची पोर आहे, घरात बहिरी, अंथरुणाला खिळलेली आजी. एका रात्री आजीला पौर्णिमेचा चंद्र बघायचा असतो. ही तिला दुकानातल्या सामानाच्या ढकलगाडीत बसवते, पांघरूण गुंडाळते आणि ढकलत नेते. संवाद जवळजवळ नाहीत. दोघी हातांनीच बोलतात. भाषा कळते का, असं विचारलंत ना बाबा? तिथे लागलीच नाही.

आता कानाचं. सोलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये एकटीचा कार्यक्रम करणारी ती पहिली कोरियन गायिका. सप्टेंबर २०२२, दोन रात्री. दुसऱ्या रात्री तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, वर्षभर माझ्या कानाला त्रास आहे, फार भीती वाटत होती. त्याच कार्यक्रमात तिने 'गुड डे'लाही रजा दिली, आता कार्यक्रमांच्या ठरलेल्या यादीत हे गाणं ठेवणार नाही म्हणाली. ज्याने नाव दिलं तेच.

बाबा, तुम्ही भजनाला जायचं सोडलंत तेव्हा काय म्हणालात? "माका आता कंटाळो इलो." पेटीवर चादर घातलीत. तुम्हाला कंटाळा नव्हता आला. मृदंग नि झांजांमध्ये तुम्हाला स्वतःचाच सूर ऐकू येईनासा झाला होता. मला तेव्हाच कळलं होतं, पण मी बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. आपल्या घरात हे असंच.

आणि आई, तुझं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, म्हणजे २०२५ ला, तिची नवी मालिका नेटफ्लिक्सवर आली. जेजू बेटाची गोष्ट आहे. तिथे बायका समुद्रात बुडी मारून शिंपले, ऑक्टोपस, शेवाळ काढतात. पाठीवर ऑक्सिजनची नळकांडी नाही, फक्त छातीतला दम. वर आल्या की श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो, त्याला 'सुंबिसोरी' म्हणतात. मालिकेत अशाच एका बाईची पोर शाळेत कविता लिहिते, त्या शिंपल्यावर रागावून. आई सारखी पाण्याखाली त्याच्याच मागे, आणि घरी माझ्याजवळ कधी? ती पोर मोठी होते तेव्हा आययू येते. लग्न, पोरं, पैशाची ओढाताण. मग गंमत बघ, पुढे तिच्या मुलीचं कामसुद्धा आययूच करते आणि आईचं काम दुसरी, मोठ्या वयाची नटी करते. म्हणजे जो चेहरा आधी आई म्हणून बघितला, तोच आता आईवर खेकसायला लागतो. मुलीला जपानला शिकायला पाठवायला आईबाप राहतं घर विकतात. आणि ती मुलगी फोनवर काय बोलते? "हो. कळलं. ठेवते."

मालिकेचं मूळ नाव जेजूच्या बोलीत आहे, 'फोकसाक सोगात्सुदा'. अर्थ, 'फार कष्ट काढलेत हो तुम्ही'. पण सोलच्या माणसाला ते ऐकून वाटतं, 'पुरते फसलात तुम्ही'. आपण मालवणीत मायेने बोललो तरी पुण्याच्या काकूंना भांडण वाटायचं, आठवतं?

मुलीच्या फोनचा तो भाग बघितला त्याच आठवड्यात तू सांगितलंस की ओहोटीला खडपावर कालवं काढायला गेले होते, पाय सरकला, गुडघ्याला खरचटलं. मी काय म्हटलं? "कशाला जातेस तिथे? पैसे पाठवते ना मी!" तू "बरां" म्हणालीस आणि बाबांच्या गोळ्यांचा विषय काढलास. मला माहितीय, तू कालवांसाठी जात नाहीस. शेजारच्या दोघीतिघी असतात, वारा असतो, घरात कुणी हाक मारत नसतं. माझी शाळेची फी याच कालवांच्या वाट्यांवर निघालीय, हे मी इथे कुणाला सांगत नाही. मालिका मध्येच थांबवून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

कार्यक्रमाचंही सांगते, पैसे कुठे गेले ते कळू दे. २० एप्रिल २०२४, शनिवार, इथलं इनडोअर स्टेडियम. माझ्या शेजारी साठीच्या पुढचं एक चिनी जोडपं होतं. त्या काकांना एकही गाणं येत नव्हतं, बायको प्रत्येक गाण्याला त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगायची. मी अर्धा वेळ त्यांच्याकडेच बघत होते. तीच फेरी संपली सप्टेंबरमध्ये, सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियमवर. आधी तिने आजूबाजूच्या इमारतींतल्या लोकांना कचऱ्याच्या पिशव्या भेट पाठवल्या, आवाजाचा त्रास होईल, सांभाळून घ्या म्हणून. तिकडे कचऱ्याच्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात. वाडीत जत्रेला डीजे लावणाऱ्यांना हे जरूर सांगा, बाबा.

डिसेंबरमध्ये येतेय, तिकीट काढलंय. दुसऱ्याच दिवशी बाबांना घेऊन कुडाळला कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. नाही म्हणालात तर मी आईला तिकिटाचा खरा आकडा सांगेन, रविवारी सांगितलेला निम्मा होता. पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला नाहीये ना, तेवढं चादर काढून बघून ठेवा.

मालिका लॅपटॉपवर उतरवून आणते. मी शेजारी बसून मालवणीत सांगेन. आई, मध्ये बोलायचं नाही.

आणि त्या आठवड्यात मोठी ओहोटी कधी आहे ते कालनिर्णयात बघून ठेव. तुझ्या जुन्या चपला मला होतील. मीही येते खडपावर.

तुमची,
बाय