सामायिक बिल्ड मशीन : शुक्रवारपासून नवे नियम

सभासदहो, नमस्कार.

आपण सगळे ज्यावर कोड कंपाइल करतो त्या मशीनवर मंगळवारी रात्री दोघांनी एकाच वेळी पूर्ण एलटीओ (लिंक करताना सगळा प्रोग्राम एकत्र पाहून तो ऑप्टिमाइझ, म्हणजे वेगवान करणं) लावून लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणं) सुरू केलं. ३२ जीबी रॅम भरली, स्वॅपही (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) भरलं आणि तिसऱ्याच सभासदाचं चार तास चाललेलं काम कर्नलनं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) मेमरी मोकळी करायला मध्येच मारलं. स्क्रीनवर फक्त ‘किल्ड’ एवढा एक शब्द. मला फार वाईट वाटलं.

पूर्ण एलटीओत सगळ्या फायलींचा बिटकोड (कंपायलरनं बनवलेलं कोडचं मधलं रूप) एकत्र करून एकच अवाढव्य मॉड्यूल बनतं, म्हणून वेळ आणि मेमरी दोन्ही खातं. क्लँग या कंपायलरमध्ये २०१६ पासून थिनएलटीओ हा हलका प्रकार आहे. ते आधी फायलींचे सारांश तेवढे एकत्र करतं, मग प्रत्येक मॉड्यूल वेगळं आणि समांतर ऑप्टिमाइझ करतं. आपल्या मशीनला हेच झेपेल.

शुक्रवारपासून :
• रोजच्या बिल्डला एलटीओ नको. रिलीजलाच लावा, तेही थिन.
• एका वेळी एकच लिंक. कंपाइल समांतर चालेल.
• डीबग माहिती (चुका शोधायला ठेवलेली जादा माहिती) लागत नसेल तर काढा, मेमरी बरीच वाचते.

बिल्ड फाइल कशी बदलायची ते शनिवारी सकाळी १० वाजता कॉलेज रोडवरच्या आपल्या नेहमीच्या खोलीत दाखवतो. लॅपटॉप आणा. ज्यांना पूर्ण एलटीओ लागतंच, त्यांनी आदल्या दिवशी ग्रुपवर वेळ कळवावी.