लिमातले दुपारचे जेवण

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर "कच्चा मासा खाल्लास?" एवढेच विचारून आई गप्प झाली, तेव्हापासून हे पत्र सविस्तर लिहायचे मनात होते.

मी जेवले ते लिमाच्या मिराफ्लोरेस भागातल्या 'ला मार' या उपाहारगृहात. गास्तोन आकुरियो या पेरूच्या नामवंत शेफने ते २००५ मध्ये सुरू केले. मी खाल्लेले सेबिचे म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा; ते मिळणाऱ्या ठिकाणाला इथे सेबिचेरिया म्हणतात. ते दुपारीच चालते, कारण सकाळी आलेली मासळी त्याच दुपारी संपावी, अशी इथली जुनी रीत आहे. मालवणच्या बाजारात कल्ले उघडून पाहिल्याशिवाय मासा न घेणाऱ्या बाबांना ती नक्की पटेल.

सेबिचेसाठी कोर्विना घेतात. तो आपल्या घोळीच्याच कुळातला मासा. त्याच्या तुकड्यांवर लिंबाचा रस, मीठ, मिरची, कोथिंबीर आणि उभा पातळ चिरलेला कांदा घालतात. आंबटाने काही मिनिटांतच मांस पांढरे आणि घट्ट होते. पूर्वी मासा तासन्‌तास मुरवत असत. १८९९ पासून इथे येऊन स्थायिक झालेल्या जपान्यांच्या प्रभावाने हा वेळ कमी झाला, असे मानतात. पण आई, तुझी शंका रास्त आहे, कारण लिंबाने सगळे जंतू मरत नाहीत. १९९१ मध्ये इथे पटकीची मोठी साथ आली, तेव्हा लोक सेबिचे खायलाही घाबरत होते. म्हणून मी ते रस्त्यावरच्या गाडीवर कधीच खात नाही. ताज्या मासळीची खात्री असेल तिथेच जाते.

ताटलीत उरलेल्या आंबट-तिखट रसाला स्पॅनिशमध्ये 'वाघाचे दूध' म्हणतात. ते ऐकताच, इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणून मला रोज धडा वाचायला लावणारे बाबा आठवले. सोबत उकडलेले रताळे आणि टपोऱ्या पांढऱ्या दाण्यांचा मका होता. रताळे आणि मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांनी अमेरिकेतून आणली आणि लिंबू आशियातून स्पॅनिश लोकांबरोबर इकडे आले, हे मला ठाऊक होते; तरी ती सगळी एका ताटलीत पाहून माझा घास काही क्षण हातातच राहिला.

इथे कोळंबी, माकूळ आणि शिंपल्या घालून शिजवलेला गरम भातही मिळतो. तुम्ही दोघे याल तेव्हा आईसाठी मी तोच मागवीन.

तुमची,
लेक