उरुझगानच्या मोहिमेचा हिशेब अपुराच आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या एखाद्या प्रदेशात परदेशी फौजा पाठवून तिथे स्थैर्य आणण्याची आणि मोडलेले पुन्हा उभारण्याची चर्चा निघाली की अफगाणिस्तानातल्या उरुझगान प्रांतात नेदरलँड्सने २००६ ते २०१० या काळात चालवलेल्या मोहिमेचा दाखला हमखास दिला जातो. संरक्षण, मुत्सद्देगिरी आणि विकास या तिन्ही अंगांनी एकाच वेळी काम करायचे, ‘शक्य तेवढे नागरी, गरजेपुरते लष्करी’ राहायचे, ही डच पद्धत तेव्हापासून अनेक लष्करी अकादम्यांत अभ्यासली गेली आहे. ती पद्धत वाखाणण्याजोगी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र फौज किती शहाणपणाने वागली एवढ्यावरच अशा मोहिमेचे मूल्यमापन थांबते आणि ज्यांच्या गावात ती गेली त्या माणसांना दिलेल्या शब्दाचे पुढे काय झाले हे कोणी विचारत नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही मोहीम घाईने ठरलेली नव्हती. डच पंतप्रधान बाल्केनेंडे यांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २००५ मध्ये दक्षिण अफगाणिस्तानात फौज पाठवण्याचा इरादा जाहीर केला. सत्तेत भागीदार असलेल्या डी-६६ या पक्षाचाच त्याला विरोध होता; तरी प्रदीर्घ वादानंतर फेब्रुवारी २००६ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने मोठ्या बहुमताने त्याला पाठिंबा दिला. डच राज्यघटनेच्या शंभराव्या कलमानुसार अशा कोणत्याही तैनातीपूर्वी सरकारला संसदेला सविस्तर माहिती द्यावी लागते : उद्दिष्ट काय, अधिकार कोणते, धोका किती, मुदत किती. या काटेकोरपणामागे बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साची जखम आहे. जुलै १९९५ मध्ये डच बटालियनच्या डोळ्यांदेखत संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले ते ‘सुरक्षित क्षेत्र’ सर्ब फौजांच्या हाती पडले आणि सुमारे आठ हजार बोस्नियन मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. त्यावरचा राष्ट्रीय संशोधन संस्थेचा अहवाल एप्रिल २००२ मध्ये आला, तेव्हा पंतप्रधान विम कोक यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्यामुळे उरुझगानला जाताना अपाची हेलिकॉप्टरे, एफ-१६ विमाने आणि दूर पल्ल्याच्या स्वयंचलित तोफा सोबत नेण्याचा आग्रह धरला गेला. आपल्या सैनिकांना पुन्हा असहाय उभे राहावे लागू नये, ही भावना त्यामागे होती आणि ती समजण्यासारखी आहे.

१ ऑगस्ट २००६ रोजी डच फौजेने प्रांताची जबाबदारी घेतली. ऑस्ट्रेलियन तुकड्या सोबत होत्या. मुख्य तळ तारिन कोट येथे, दुसरा देह रावुद येथे. हा प्रांत साधा नव्हता. तालिबानचा संस्थापक मुल्ला ओमर याचे बालपण याच भागात गेले आणि २००१ च्या शेवटी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हमीद करझाई यांनी तालिबानविरुद्ध लोक जमवले तेही इथेच. म्हणजे दोन्ही बाजूंची मुळे एकाच मातीत होती. करझाईंचे निकटवर्ती जान मोहम्मद खान तेव्हा गव्हर्नर होते आणि प्रतिस्पर्धी टोळ्यांना ‘तालिबान’ ठरवून चिरडण्याबद्दल त्यांचे नाव झालेले होते. फौज पोहोचण्याआधी त्यांना हटवावे, असा आग्रह डच सरकारने धरला आणि तो मान्य करून घेतला. या मोहिमेतला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय मी यालाच म्हणेन, कारण तिथल्या लोकांच्या बंडखोरीमागे जिहादापेक्षा अपमान आणि अन्याय जास्त आहे हे त्यात ओळखले गेले होते. त्याच समजुतीतून डच सैनिकांनी अफूची शेते नष्ट करण्याच्या कामात हात घातला नाही. शेतकऱ्याचे उभे पीक त्याच्या डोळ्यांदेखत नांगरून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच ओसरीवर बसून सहकार्य मागायचे, हे जमण्यासारखे नाही, एवढे त्यांना कळत होते.

त्यांची कार्यपद्धती टिपकागदावर पडलेल्या शाईच्या ठिपक्यासारखी होती. डच अधिकारी स्वतः हीच उपमा वापरत. तारिन कोट, देह रावुद आणि चोरा खोरे या दाट वस्तीच्या भागांत आधी सुरक्षितता निर्माण करायची आणि तिथून ती हळूहळू बाहेर पसरू द्यायची. फौजेबरोबर परराष्ट्र खात्याचे अधिकारी, विकास-सल्लागार आणि टोळ्यांच्या नात्यागोत्यांचे जाणकार होते. एका गावातली बैठक म्हणजे काय असे, हे ध्यानात घेतले पाहिजे. सैनिक हेल्मेट काढून सतरंजीवर बसतात, चहा येतो, गावातले वडीलधारे पाटाचे पाणी, शेजारच्या टोळीने बळकावलेली जमीन, नाक्यावर पैसे उकळणारे पोलीस, असे एकेक गाऱ्हाणे सांगतात, दुभाषी ते उलगडून सांगतो आणि अधिकारी वहीत टिपून घेतो. ही वही भरायला महिने लागतात आणि तिच्यातले एखादे गाऱ्हाणे मिटायला वर्षे. पण लढाऊ तुकड्या साधारण चार महिन्यांनी बदलत आणि वरिष्ठ अधिकारी सहा महिन्यांनी. चार वर्षांत टास्क फोर्सला आठ कमांडर लाभले. गावकऱ्याने आपली कहाणी किती जणांना पहिल्यापासून सांगायची? मोहिमेच्या कौतुकात हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण विश्वास कुठे गळत होता हे त्यातून दिसते.

आता चोरा खोऱ्याविषयी, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथेच आहे. जून २००७ च्या मध्यावर तालिबानच्या मोठ्या जमावाने या खोऱ्यावर हल्ला चढवला. १५ जूनला तारिन कोटमध्ये आत्मघाती स्फोट झाला, त्यात एक तरुण डच सैनिक आणि अनेक अफगाण मुले बळी पडली. दुसऱ्या दिवशी चोऱ्याभोवतीच्या पोलीस चौक्या एकामागून एक पडू लागल्या. माघार घ्यायची की थांबायचे, हा निर्णय टास्क फोर्सचे तेव्हाचे कमांडर कर्नल हान्स फान ख्रीन्सव्हेन यांना घ्यायचा होता. ते थांबले. माघार घेतली असती तर डचांच्या भरवशावर बाजू निवडलेल्या माणसांची कत्तल झाली असती, हा त्यांचा युक्तिवाद मला पटतो. बराकझाई टोळीचे नेते रोझी खान आपली माणसे घेऊन त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले आणि १९ जूनपर्यंत खोरे हाती राहिले.

पण ते कशाच्या बळावर राहिले, हेही सांगायला हवे. तारिन कोटच्या तळावरून तोफांनी रात्री मारा केला आणि विमानांनी बॉम्ब टाकले, ते माणसे राहत असलेल्या वस्त्यांवर. तिथली घरे म्हणजे मातीच्या उंच भिंतींचे वाडे, ज्यांत एकेक विस्तारित कुटुंब राहते. आपल्या ‘किल्ला’ या शब्दाचे मूळ ज्या शब्दात आहे, त्याच शब्दाने त्यांना ओळखतात. लढाईत अनेक डझन नागरिक मारले गेले. लक्ष्यावर नजर ठेवणाऱ्या निरीक्षकाशिवाय केलेल्या तोफमाऱ्याबद्दल आंतरराष्ट्रीय फौजेच्या अमेरिकी सेनापतींनीच प्रश्न उपस्थित केला. डच सरकारी अभियोक्त्यांनी मात्र २००८ मध्ये सैनिकांनी नियमांच्या चौकटीतच बळ वापरले असा निष्कर्ष काढला आणि प्रकरण तिथे मिटले, असे सर्वांनी धरून चालले.

ते मिटलेले नव्हते. अशाच एका वाड्यात आपली माणसे गमावलेल्या अफगाण नातेवाइकांनी हेगच्या न्यायालयात दाद मागितली आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायालयाने निकाल दिला की तो वाडा लष्करी लक्ष्य होता हे सरकार पुरेशा आधाराने दाखवू शकलेले नाही, त्यामुळे ती बॉम्बफेक बेकायदा ठरते आणि भरपाई देणे सरकारला भाग आहे. त्या वाड्यातून गोळीबार झाला असलाच, तरी तो बॉम्ब पडण्याच्या बऱ्याच तास आधी झाला होता, हा मुद्दा निर्णायक ठरला. म्हणजे घटनेला पंधरा वर्षे उलटून गेल्यावर, हजारो किलोमीटर दूरच्या, परक्या भाषेत चालणाऱ्या न्यायालयात, त्या कुटुंबांचे म्हणणे प्रथमच अधिकृतपणे ऐकले गेले. आपल्याच सैन्याविरुद्ध असा निकाल देणारी न्यायव्यवस्था नेदरलँड्सकडे आहे, याचा मला मनापासून आदर वाटतो, कारण बहुतेक देशांत हे घडलेच नसते. पण त्याच देशाच्या तपशीलवार तैनाती-चौकटीत ही दाद मागण्याची वाट पहिल्या दिवसापासून आखलेली का नव्हती, हे मला उमगत नाही.

रोझी खान यांचे पुढे काय झाले, हेही कळू द्यावे. चोऱ्याच्या लढाईत डचांचा सर्वांत भक्कम आधार ठरलेला हा माणूस सप्टेंबर २००८ मध्ये रात्रीच्या अंधारात ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या गोळीबारात मारला गेला. दोन्ही बाजूंनी समोरच्याला तालिबान समजण्याची चूक झाली होती. मित्र म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरच्यांना त्या चुकीने काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

डच समाजानेही किंमत मोजली, हे नजरेआड करता येणार नाही. अफगाणिस्तानात २५ डच सैनिकांनी प्राण गमावले. जनरल पीटर फान उम यांनी १७ एप्रिल २००८ रोजी संरक्षणदल प्रमुखपदाची सूत्रे घेतली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा लेफ्टनंट मुलगा उरुझगानमध्ये रस्त्यातल्या बॉम्बने मारला गेला. ते पदावर राहिले. हे वाचताना कोणाचेही मन हेलावेल. म्हणूनच मोहीम अपुरी सुटावी, याची खंत अधिक वाटते.

आणि ती अपुरीच सुटली. मूळ मुदत दोन वर्षांची, पुढे ती ऑगस्ट २०१० पर्यंत वाढवली. नाटोने आणखी थांबण्याची विनंती केली, त्यावरून सत्ताधाऱ्यांत फूट पडली, वाउटर बॉस यांचा मजूर पक्ष बाहेर पडला आणि २० फेब्रुवारी २०१० रोजी सरकार कोसळले. १ ऑगस्टला प्रांत अमेरिकी-ऑस्ट्रेलियन नेतृत्वाकडे गेला. संसदेने ठरवलेली मुदत पाळणे लोकशाहीला धरूनच आहे. पण डचांनी ज्याला चार वर्षे कटाक्षाने दूर ठेवले, त्या मतीउल्ला खानला नव्या सूत्रधारांनी जवळ केले. तो जान मोहम्मदचा पुतण्या. कंदाहारच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मालवाहू ट्रकांना संरक्षण देण्याचे पैसे घेऊन त्याने खासगी फौज पोसली होती. २०११ मध्ये तोच प्रांताचा पोलीसप्रमुख झाला. गावोगावच्या बैठकांत वह्यांमध्ये ज्यांच्या तक्रारी टिपल्या गेल्या, त्यांनी यातून काय समजायचे?

ऑगस्ट २०२१ मध्ये तारिन कोट तालिबानच्या हाती गेले आणि दोन दिवसांत काबूलही. त्या दिवसांत डच संसदेने केवळ दुभाषीच नव्हे, तर पहारेकरी, चालक, स्वयंपाकी अशा इतर स्थानिक सहकाऱ्यांनाही सोडवून आणावे, असा ठराव केला. तोवर विमानतळाच्या फाटकाबाहेर गर्दी उसळली होती आणि अनेक जण मागेच राहिले. परराष्ट्रमंत्री सीख्रिड काख आणि संरक्षणमंत्री आंक बायलेव्हेल्ड यांनी सप्टेंबरमध्ये राजीनामे दिले. राजीनाम्याने उत्तरदायित्व दिसते, पण फाटकाबाहेर राहिलेल्या माणसाच्या हाती त्याने काही पडत नाही. ज्या दुभाष्याच्या तोंडून ती सगळी गाऱ्हाणी डच अधिकाऱ्याच्या कानी पडली, त्याचे नाव एका पक्क्या यादीत २००६ मध्येच असायला हवे होते.

अशी कोणतीही नवी मोहीम ठरेल, तेव्हा संसदेपुढील मसुद्यात सैनिकांची संख्या आणि तोफांचा पल्ला यांच्याइतकेच ठळकपणे तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. स्थानिक सहकाऱ्यांची यादी आणि त्यांना आश्रय देण्याचे वचन फौजेचे पहिले विमान उतरण्यापूर्वी नक्की व्हावे. फौज परतल्यावरही निदान काही वर्षे चालेल असा नागरी निधी आणि अधिकारीवर्ग आधीच बाजूला काढला जावा. आणि मारल्या गेलेल्या प्रत्येक नागरिकाची नोंद ठेवणारे, त्याच्या घरच्यांना त्यांच्याच भाषेत दाद मागता येईल असे कार्यालय त्याच प्रांतात उघडावे, तेही संरक्षण खात्याच्या हाताखाली नसलेले. चोरा खोऱ्यातल्या त्या कुटुंबांना हेगपर्यंत पोहोचायला जी वर्षे लागली, ती असे कार्यालय असते तर लागली नसती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक