ऊसतोड मजुरांच्या पाठीच्या कण्याकडे लक्ष द्यावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा या तालुक्यांतील वाड्या-तांडे ओस पडू लागतात आणि हजारो जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे रवाना होतात. उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), मजुरांच्या टोळ्या नेणारे मुकादम, मुलांची शाळा यांवर वेळोवेळी लिहिले जाते. पण ज्या पाठीच्या भरवशावर सगळा हंगाम पार पडतो, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

ऊस बुडख्याशी छाटायचा असल्याने तोडणारा दिवसभर कमरेत वाकलेला असतो. त्यानंतर मोळ्या बांधायच्या आणि गाडी येईल तेव्हा, मग ती मध्यरात्री का येईना, भरून द्यायच्या. डोक्यावरच्या चुंबळीवर 30-40 किलोची मोळी तोलत अरुंद फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या मानेच्या शिरा प्रत्येक पावलागणिक कशा ताणतात, हे ज्याने जवळून पाहिले त्याला या कष्टाचा अंदाज येईल.

कमरेच्या पाच मणक्यांवर धडाचा आणि ओझ्याचा मोठा भार येतो. मणक्यांमधील चकतीला प्रौढ वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. हालचालीने दाब कमी-जास्त होत राहिला, तरच ती स्पंजाप्रमाणे पोषण शोषून घेते. सतत वाकून राहिल्याने आणि वाकून, त्यातच वळून ओझे उचलल्याने तिच्यावर ताण येतो. ती सरकून नस दाबली गेली, की कमरेतून निघालेली कळ थेट पोटरीपर्यंत जाते. अशा मजुराला नुसते ‘आराम करा’ सांगून भागत नाही, कारण खाडा पडला की उचल फिटत नाही. मग दुकानातून वेदनाशामक गोळी घ्यायची आणि पुन्हा फडात उतरायचे, असा क्रम सुरू होतो. उपाशीपोटी, कमी पाणी पिऊन रोज घेतलेल्या या गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला अपाय करतात, ते वेगळेच.

गाव सोडण्यापूर्वीच प्राथमिक आरोग्य केंद्रांत या मजुरांच्या पाठीची तपासणी व्हावी आणि फिजिओथेरपिस्टने ओझे उचलण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. कारखान्यांनी व मुकादमांनी मोळी लहान बांधू द्यावी. गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना भरणीला मुळीच लावू नये.

पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायला हवे. उशीर झाल्यास अपंगत्व कायमचे राहू शकते. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि घटते वजन असेल, तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. त्याचे उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. ही माहिती ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने मजुरांच्या नोंदणीच्या वेळीच द्यावी आणि आपल्या दैनिकानेही हंगामाच्या तोंडावर ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. धारूर, जि. बीड