नुसत्या राखेनं भिंत टिकत नाही

मा. संपादक,

कालच्या अंकातला, शटरिंगमध्ये थरावर थर ठोकून उभारलेल्या मातीच्या भिंतींवरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सुमारे ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटनिर्मितीचा आहे. अशा भिंतीच्या मातीत मिसळतात ते सिमेंट कमी करून तिथे वीजकेंद्रातली राख किंवा झोतभट्टीचा स्लॅग, म्हणजे लोखंड गाळताना उरणारी मळी, वापरावा, असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच ‘सिमेंटऐवजी राख घाला, भिंत तेवढीच टिकते’ हे वाचून संताप आला.

अगदी हेच आमच्या ठेकेदारानं मला ऐकवलं होतं. कुंपणाच्या भिंतीसाठी त्यानं मातीत नुसती राख कालवली, चुना घमेलंभरही नाही. धुम्मस मात्र व्यवस्थित चालवला. शटरिंग उतरवल्यावर थरांच्या रेषा इतक्या देखण्या दिसत होत्या की येणारे-जाणारे हात फिरवून बघत. पाणी मारायला कुणी फिरकलं नाही, भिंत उन्हात तशीच तापली. पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यावर नख ओढलं की भुगा पडायला लागला. जाब विचारला, तर ‘माती म्हटल्यावर झिजणारच’!

दोष मातीचा नव्हता. दगडी कोळशाच्या बहुतेक राखेत चुना फार कमी असतो, ती आपल्याआप घट्ट होत नाही. चुना किंवा थोडं सिमेंट आणि ओलावा मिळाला तरच ती मातीचे कण बांधते, तेही सावकाश. २८ दिवसांत भरते त्याहून बरीच जास्त ताकद ९० दिवसांत भरते. दळलेल्या स्लॅगचं थोडं बरं, पण त्यालाही चुन्याची चालना हवीच. उलट मातीत सल्फेट असेल, तर नुसत्या चुन्यानं ती फुगून तडकते. जोडीला स्लॅग असला की हा त्रास कमी होतो. एवढ्या मोठ्या लेखात यातलं एक अक्षरही नसावं?

रेड मडची, म्हणजे बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना उरणाऱ्या लाल गाळाची शिफारसही तुम्ही बेधडक केलीत. २०१० मध्ये हंगेरीतल्या आय्का इथे याच गाळाचा बांध फुटला, तेव्हा १० माणसं गेली आणि कित्येकांची कातडी भाजली, इतका तो तीव्र अल्कधर्मी असतो. राखेतही आर्सेनिक, क्रोमियम असू शकतं. पाण्याबरोबर ते झिरपतं का, हे तपासल्याशिवाय असा माल घराच्या भिंतीत घालू नये, हे छापायला दोन ओळी पुरल्या असत्या.

आणि लेखासोबतचा फोटो ठोकलेल्या भिंतीचा नाहीच, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा आहे. त्याची दुरुस्ती तरी छापा.

आपला,
एक वाचक